कुमुदमावशी, सावलीसकट

कुमुदमावशी, तुझा फोटो मागायला अण्णा आले होते.

तू जाऊन चार दिवसही झाले नसतील. केंद्राच्या फाटकाशी त्यांनी स्कूटर उभी केली आणि नेहमीसारखेच बाहेर थांबले. रोज संध्याकाळी तुला न्यायला यायचे तेव्हाही तुझे हे थोरले भाऊ फाटकाच्या आत कधी आले नाहीत. हॉर्न वाजवायचे आणि तू पदर खोचत निघायचीस. त्या दिवशी हॉर्न वाजला नाही. मी पायरीवर बसले होते. तिथूनच म्हणाले, "तुमच्याकडे असतील ना तिचे फोटो? तुम्ही फोटोंचंच काहीतरी करता ना इथे. तेराव्याला लावायला एक बरासा हवा होता."

"घरी नाही?"

"आहे. जुना आहे."

"किती जुना?"

अण्णांनी स्कूटरच्या आरशावरची धूळ बोटाने पुसली. "लग्नातला," म्हणाले.

मावशी, मी तेव्हा काही बोलले नाही, म्हणून आता बोलते. तुमच्या घरात फोटोंची टंचाई नाही. तू एकदा अण्णांच्या वर्षाबरोबर अल्बम पाठवला होतास, तो मी पाहिलाय. वर्षाच्या बारशाचे फोटो आहेत. हापूसच्या कलमाला पहिला मोहोर आला त्याचा आहे. नवीन स्कूटर घेतली तेव्हा तिला हार घालून, शेजारी उभं राहून काढलेला आहे. वीस-पंचवीस वर्षं तू त्या घरात राहिलीस, तांदूळ निवडलेस, वर्षाची वेणी घातलीस, गणपतीला दूर्वा खुडल्यास. स्कूटरचा फोटो आहे, तुझा नाही. तू आजारी पडलीस त्या दिवशी तुझ्याकडे कॅमेरा वळायचा बंद झाला. कुणी ठरवून केलं नाही हे. ठरवून केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

आणि आमच्याकडेही तुझा फोटो नव्हता. तो मात्र तुझ्याच हट्टामुळे.

शेवटी तेराव्याला लग्नातलाच लागला. तो मोठा करून घेतलेला होता. मुंडावळ्या बांधलेली, खाली बघणारी एकोणीस-वीस वर्षांची मुलगी. शेजारच्या माणसाला कात्रीने कापून टाकलं होतं, पण त्याच्या कोटाची बाही तुझ्या खांद्याला चिकटून तशीच राहिली होती. ज्या माणसाने तुला मनाच्या आजाराच्या दुसऱ्या झटक्यानंतर एसटीत बसवून माहेरी पाठवून दिलं, त्याची बाही घेऊन तू भिंतीवर आहेस. आणि खाली जेवणाच्या पंगतीत तुमच्याकडची कुणी बाई आमटी वाढता वाढता म्हणाली, "जाताना पण पोरीचं लग्न अडवून गेली." वर्षाचं लग्न सुतकामुळे पुढे गेलं ना, म्हणून. मी पानावरून उठले. माझ्या वयाच्या मुलीने तेराव्याच्या पानावरून उठणं बरं दिसत नाही, असं मला आईने घरी आल्यावर सांगितलं. बरं दिसण्याची मला आता शिसारी आलीय.

तुला आठवतं, तू मला पहिल्यांदा 'पत्रकवाली' म्हणालीस तो दिवस? मी कॉलेज संपवून नुकती केंद्रात यायला लागले होते. केंद्र म्हणजे शाळेच्या मागच्या दोन खोल्या. सकाळी माणसं यायची, कागदी पिशव्या चिकटवायची, दुपारी गोळ्या घ्यायची, संध्याकाळी घरी जायची. मी कार्यकर्त्याच्या घरातली. बाबांच्या संघटनेची पत्रकं आमच्या घरात पोत्यांनी असायची. मुळाक्षरं गिरवण्याआधी मी पत्रकाच्या घड्या घालायला शिकले. अन्याय दिसला की त्यावर पत्रक काढायचं, एवढंच मला येत होतं. आल्या आल्या मी 'मनोरुग्णांचे हक्क' असं पत्रक लिहिलं आणि पिशव्या चिकटवणाऱ्या तुम्हा सगळ्यांना वाचून दाखवलं. तू चिकटवायच्या खळीत बोट बुडवून शांतपणे ऐकलंस.

"छान आहे हो, पत्रकवाली," म्हणालीस. "यात मी कुठे आहे?"

"हे सगळं तुमच्याबद्दलच आहे, मावशी."

"यात नुसते 'आम्ही' आहेत. आम्ही मागणी करतो, आम्ही निषेध करतो. इतके आम्ही कुठून आणलेस गो? इथे तर मी एकटीच बसल्ये."

सगळे हसले. गुरुजी सर्वांत मोठ्याने हसले. गुरुजी म्हणजे पूर्वी देवरूखकडच्या एका शाळेत शिकवणारे आणि आता महिनोन् महिने न बोलणारे. त्यांचा आवाज त्या दिवशी केंद्रात पहिल्यांदा ऐकू आला, असं नंतर मला कळलं. माझ्या पत्रकाचा तेवढा एक परिणाम झाला म्हणायचा.

फोटोंचं काम त्यानंतर सुरू झालं. कुणीतरी वापरलेला कॅमेरा दान दिला होता. केंद्र चालवणाऱ्या मॅडमनी कुठल्याशा शिबिरात ऐकलं होतं, की आजारी माणसांच्या गटाला कॅमेरा द्यावा, त्यांनी काढलेले फोटो सगळ्यांनी मिळून बघावेत, त्यावर बोलावं. औषधांनी जे सुटत नाही ते काही वेळा त्याने सुटतं. मॅडमवर मी पुढे इतकी चिडले आहे, पण हे त्यांचं श्रेय. स्टँडजवळच्या स्टुडिओतले नंदूभाऊ शिकवायला यायचे. रोल एकच, माणसं डझनभर. म्हणून प्रत्येकाला दोन-तीनच फोटो. बटण दाबण्याआधी तुम्ही लोक जेवढा विचार करायचात तेवढा मी पत्रक लिहितानाही केलेला नाही.

गोळ्यांनी तुमचे हात थरथरायचे. पहिल्या रोलमध्ये सगळं रत्नागिरी हललेलं आलं. गटातल्या बशीरभायने काढलेली भावाची होडी तर तीन होड्यांसारखी दिसत होती. "आमच्या घरच्यांना दाखवू नका," तो म्हणाला, "त्यांना वाटेल भावाने अजून दोन घेतल्या." मग नंदूभाऊंनी सांगितलं, कोपरं बरगड्यांना चिकटवा, श्वास रोखा, नाहीतर चिऱ्याच्या गडग्याला, कुंपणाच्या त्या भिंतीला, टेका. आणि एक नियम सांगितला: सूर्य नेहमी पाठीशी घ्यायचा.

आणि आपला नियम तू घातलास. बुधवारी सतरंजीवर गोल बसायचं, फोटो हातोहात फिरवायचा, प्रत्येकाने काय दिसतं ते सांगायचं आणि ज्याने काढला त्याने सगळ्यांच्या शेवटी बोलायचं. मॅडमना वाटत होतं, काढणाऱ्याने आधी सांगावं. तू म्हणालीस, "आमच्याबद्दल सगळे आमच्या आधी बोलतात. बोलू देत. पण शेवटचं आमचं." तेव्हापासून तसंच. काढणाऱ्याला बोलायचं नसेल तर त्याचा वेळ संपेपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं, मध्ये उठायचं नाही.

कोणी कोणाचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही, हाही नियम होता. मी तुला दहादा विचारलं असेल. "नको गो. मी काढणारी." तू हे इतक्या तोऱ्यात म्हणायचीस की पुढे विचारायची सोय नसायची. बाकी सगळे एकमेकांचे फोटो काढून घ्यायचे. गुरुजींनी तर आपला फोटो मागून घेऊन खिशात ठेवला. आजारानंतरचा त्यांचाही तो पहिलाच. तू मात्र नाही.

तुला आवाज ऐकू यायचे हे तू लपवलं नाहीस कधी. मी एकदा विचारलं, फोटो काढतानाही येतात का? म्हणालीस, "येतात तर. पण मी त्यांना सांगत्ये, चौकटीत मावणार असाल तर या. मावत नाहीत. मग बाहेर उभे राहतात." मॅडमनी त्याची नोंद 'प्रगती' अशी केली. मला ती प्रगती वाटली नाही, कारागिरी वाटली.

आणि तुझ्या फोटोंत सावली यायला लागली.

तुमच्या वाटणीला कॅमेरा बहुतेक संध्याकाळी यायचा, पिशव्यांचं काम उरकल्यावर. सूर्य कलता. तू नियमाप्रमाणे तो पाठीशी घ्यायचीस, कोपरं बरगड्यांना चिकटवायचीस, आणि तुझ्यापुढे तुझी लांबच लांब सावली पडायची, हात-बीत काही न दिसणारी, रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडासारखी. समुद्राचा वारा असायचा, म्हणून एका बाजूला पदराचा तुकडा फडकलेला. नंदूभाऊ प्रिंट दाखवून म्हणायचे, "कुमुदताई, ही चूक धरतात. सावली नको यायला."

"तुम्हीच सांगितलंत, सूर्य पाठीशी घ्या."

"हो, पण थोडं बाजूला व्हायचं."

"मग मी कुठे जाऊ? मी आहे ना तिथे."

नंदूभाऊंनी टोपी काढून डोकं खाजवलं. पुढच्या रोलमध्ये परत सावली. त्याच्या पुढच्यातही. तुझ्या एकाही फोटोवर तुझं नाव लिहिण्याची गरज नव्हती. फोटो सतरंजीवर पडला की बशीरभाय म्हणायचा, "आली बघा."

तो चपलांचा फोटो मी कधीच विसरणार नाही. केंद्राच्या दाराबाहेर सगळ्यांच्या चपला ओळीने काढलेल्या. गुरुजींच्या झिजलेल्या कोल्हापुरी, बशीरभायच्या रबरी, माझी अंगठा तुटलेली. फक्त तुझ्या नाहीत, कारण त्या तुझ्या पायात आहेत. आणि ओळीच्या एका कडेवरून गेलेली तुझी सावली, डोकं बरोबर उंबऱ्यावर टेकलेलं. बुधवारी तो फोटो फिरत फिरत गुरुजींकडे आला. ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "सर्व हजर आहेत." हजेरी घेणाऱ्या माणसाने ते म्हटलं, मावशी. तू शेवटी बोललीस: "हो. मी पण."

मग ते प्रदर्शन आलं.

शहरातला हॉल मिळाला होता, पाहुणे येणार होते, संस्थेच्या समितीतली माणसं येऊन फोटो निवडून गेली. चपलांचा फोटो सगळ्यांना आवडला. आदल्या दिवशी मी हॉलवर गेले तर तो भिंतीवर होता, मोठा, फ्रेममध्ये, आणि त्यात तू नव्हतीस. खालचा भाग आणि एक कड कापून त्यांनी सावली घालवली होती. जी थोडी उरली होती ती काळवंडून टाकली होती. खाली चिठ्ठी: 'प्रतीक्षा. केंद्रातील एका लाभार्थीने टिपलेले दृश्य.'

प्रतीक्षा कसली? कोण कोणाची वाट बघत होतं? आणि लाभार्थी? कसला लाभ झाला होता तुला? नवऱ्याने टाकल्याचा लाभ, मागच्या खोलीचा लाभ, हात थरथरवणाऱ्या गोळ्यांचा लाभ? मी मॅडमना गाठलं. त्या म्हणाल्या, "अगं, सावली तांत्रिक दोष आहे. लोक हसतील. त्यांच्याच भल्यासाठी." मी म्हटलं, नाव तरी लिहा. त्या म्हणाल्या, "घरच्यांची परवानगी लागेल."

घरचे म्हणजे अण्णा. संध्याकाळी फाटकाशी मी त्यांना विचारलं. तू मागे स्कूटरवर बसत होतीस. मी आडनावही लिहायचं नाही म्हणत होते, तुझ्याच सांगण्यावरून. तू म्हणाली होतीस, "आडनाव नको. सासरच्यांनी त्यांचं काढून घेतलंनी, माहेरच्यांना त्यांचं लावलेलं रुचत नाही. नुसतं कुमुद लिही."

अण्णा म्हणाले, "नुसतं कुमुद लिहिलं तरी काय? रत्नागिरीत अशा कुमुद कितीशा आहेत? वर्षासाठी स्थळं बघतोय. एकदा नाव झालं की झालं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला काय हौस आहे का गो?"

हौस नव्हती, हे खरं आहे. अण्णांनी तुझं औषध कधी चुकू दिलं नाही. पावसाळ्यातही आपला रेनकोट तुला घालून स्वतः भिजत स्कूटर चालवलेली मी पाहिली आहे. त्यांचा राग करताना मला यामुळेच जास्त त्रास होतो. वाईट माणसाने कापलं असतं तर मी पत्रक काढून मोकळी झाले असते. इथे रेनकोट देणारा माणूस कापतो.

मी तुला म्हटलं, तुझे फोटो काढून घे. सगळ्यांनी काढून घ्या. रिकाम्या भिंती दिसू देत त्या पाहुण्यांना. मी रात्रीतून पत्रक लिहिते. तू मान हलवलीस. "लोकांनी बघायला नकोत का? काढलेत कशाला मग?"

आणि दुसऱ्या दिवशी तू काय केलंस! वर्षाने इस्त्री करून दिलेली साडी नेसून आलीस आणि दिवसभर त्या चपलांच्या फोटोसमोर उभी राहिलीस, बघायला आलेल्या परक्या बाईसारखी. कोणी जवळ आलं की म्हणायचीस, "हा बरा काढलाय, नाही? हात बसलाय बाईचा."

एक प्राध्यापक म्हणाले, "बाईने काढलाय हे कशावरून?"

"चपला काय नीट लावल्यात बघा. पुरुष असता तर होत्या तशाच काढल्यान असत्यान."

ते हसले, म्हणाले, अगदी बरोबर. मग तू पुढे वाकून बोट दाखवलंस. "फक्त इथे काहीतरी होतं. कुणीतरी कापलंन." प्राध्यापक चष्मा लावून बघायला लागले. दिवसभरात तू किती जणांना त्या काळवंडलेल्या कोपऱ्यात डोकावायला लावलंस, मावशी! मी तिकडे खांबाशी रागाने उभी होते.

परत येताना मी रिक्षात तुझ्याशी भांडले. "तू सगळं सहन करतेस. गप्प बसलीस."

"गप्प कुठे? दिवसभर बोलत होत्ये."

"तुझं नाव नव्हतं तिथे!"

"तू ओरडली असतीस तर असतं? तुझं आलं असतं पेपरात."

मला ते लागलं. मी म्हटलं, एकेकट्याने बोलून काही बदलत नाही, सगळ्यांनी मिळून आवाज करावा लागतो. तू म्हणालीस, आवाजांचं मला नको सांगूस गो. आणि खो खो हसलीस. रिक्षावाला आरशातून बघायला लागला. आपला तो वाद तिथेच राहिला. मी अजूनही माझं मागे घेतलेलं नाही. त्या भिंती रिकाम्या व्हायला हव्या होत्या. तू असतीस तर मी आजही हेच म्हटलं असतं आणि तू आजही हसली असतीस.

नंतर तुझं पोट दुखायला लागलं. त्याबद्दल मला लिहायचं नव्हतं, पण ते वगळलं तर मीही कापणाऱ्यांतलीच.

गणपतीपासून तू सांगत होतीस. घरी म्हणत, तिचं काहीतरी चालूच असतं. मॅडम म्हणाल्या, फाईलला नोंद केली आहे. अण्णा तुला डॉक्टरकडे घेऊन गेले, नेहमीच्या, डोक्याच्या. बुधवारी येऊन तू आम्हाला त्याची नक्कल करून दाखवलीस. "मी म्हटलं, पोट दुखतं. तो म्हणे, झोप लागते का? मी म्हटलं, लागते, पण पोट दुखतं. तो म्हणे, आवाज येतात का? शेवटी मी म्हटलं, हो, येतात, पोटातून येतात!" आम्ही सगळे हसून लोळलो. गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या डॉक्टरने गोळी वाढवून दिली होती. तू पोट दाखवत होतीस आणि तो फाईल बघत होता. सर्जनकडे नेलं तेव्हा तो म्हणाला, इतके दिवस काय करत होतात? हा प्रश्न त्याने कुणाला विचारला, ते अजून ठरलेलं नाही. अण्णांना वाटतं, त्यांना. मॅडमना वाटतं, घरच्यांना. त्या गोळी वाढवणाऱ्याला बहुधा काही वाटत नाही. वेड्या बाईचं पोटही वेडंच असणार, असं समजून तुला मारलं, मावशी. मी हे वाक्य बदलणार नाही.

तुझ्यानंतर कॅमेऱ्यात रोल अर्धा होता. बाकीच्यांनी पुरा केला. नंदूभाऊंनी धुवून आणला, प्रिंट सतरंजीवर ठेवले आणि कुणीही म्हणालं नाही, "आली बघा." सगळ्यांनी पाहिलं होतं.

वर्षाच्या साखरपुड्याचा फोटो होता तो. त्या रविवारी कॅमेरा घरी न्यायची पाळी तुझी होती. सोमवारी तू एवढंच सांगितलं होतंस, "मला मागच्या दारी बसवलंन. मग मी मागच्या दारीच फोटो काढला." कशाचा ते सांगितलं नव्हतंस, नियम म्हणजे नियम.

मागचं अंगण. विहिरीचा कठडा. साखरपुड्याची साडी नेसलेली वर्षा पुढची सगळी माणसं सोडून मागे आलीय आणि हसत, हात लांब करून पेढा देतेय. अंगणभर ती मैलाच्या दगडासारखी सावली, पदराचा फडका, आणि सावलीचं डोकं वर्षाच्या साडीच्या निऱ्यांवर टेकलेलं.

फोटो फिरला. बशीरभाय म्हणाला, "मुलगी घाईत आहे. कुणी बोलावेल म्हणून." गुरुजी म्हणाले, "देणारीचा हात दिसतो. घेणारीचा दिसत नाही, कारण तिच्या हातात काम आहे." मग मॅडम म्हणाल्या, "आता आपण कुमुदताईंबद्दल प्रत्येकी दोन शब्द…"

"थांबा मॅडम," बशीरभाय म्हणाला. "काढणारा शेवटी. तिचा नंबर आहे."

आम्ही गप्प बसलो. पंखा कुरकुरत होता. शाळेत कुठलातरी वर्ग पाढे म्हणत होता. मॅडमही बसल्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, पण उठल्या नाहीत. बऱ्याच वेळाने गुरुजींनी फोटो सतरंजीवरून उचलला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "झालं तिचं बोलून. आता घरी पोचवा."

मी दुसऱ्या दिवशी गेले. ओटीवर तुझा तो मुंडावळ्यांचा फोटो, बाहीसकट. अण्णांनी चष्मा लावून प्रिंट हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. "वर्षाचा काय छान आलाय! हा कुणी काढला?" मग थोडं लांब धरून म्हणाले, "ही सावली आलीय तेवढी. नंदूला सांगून काढता येईल का?"

माझं भाषण तयार होतं, मावशी. कितीतरी दिवस तयार होतं. तोंड उघडणार एवढ्यात आतून वर्षा आली. वडिलांच्या खांद्यावरून तिने पाहिलं.

"बाबा, ती आत्या आहे."

अण्णांनी फोटो परत जवळ घेतला, त्या सावलीच्या डोक्यावर अंगठा ठेवला आणि तसेच बसून राहिले. भिंतीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मग उठून मागच्या दारी गेले. विहिरीचा रहाट बराच वेळ वाजत होता. घरात पाणी भरून झालेलं होतं.

वर्षाने माझ्याकडे पेन मागितलं. फोटो उलटा करून म्हणाली, "आडनाव कुठलं लिहू?"

"नुसतं कुमुद. तिनंच सांगितलं होतं."

ज्या मुलीच्या लग्नासाठी तुझं नाव फोटोखाली लागलं नव्हतं, तिने ते सावकाश, शाळेतल्यासारख्या अक्षरात लिहिलं. मी म्हटलं, "हा सासरी नेलास आणि कुणी विचारलं, सावली कुणाची, तर?"

"सांगीन," वर्षा म्हणाली. त्याच पेनने तिने नावाच्या आधी 'माझी आत्या' असं लिहिलं. मी विचारलं, मी हे सगळं लिहून छापू का? तुझ्या लग्नाआधी? तिने मागच्या दाराकडे पाहिलं, रहाट वाजतच होता. "छापा. बाबांना मी बघते."

तर मावशी, हे पत्रक नाही. यात एकही 'आम्ही मागणी करतो' नाही, तू मोजून बघ. भिंतीवर अजून ती बाहीवाली मुलगी आहे. तो डॉक्टर अजून झोप लागते का विचारत असेल. तुझा चपलांचा फोटो समितीच्या कचेरीत अजून 'प्रतीक्षा' करतोय आणि तो मी उतरवून आणणार आहे, तुला आवडो न आवडो. ते भांडण माझं शिल्लक आहे. पण यात तुझं नाव आहे, जसं तू सांगितलंस तसं, आडनावाशिवाय. मुंबईच्या गाडीत, एसटी स्टँडवर, हापूसच्या बागेत, कुठेही कुणी हे वाचलं की विचारील, ही कोण कुमुद?

अण्णा, तुम्ही त्या दिवशी फाटकाशी विचारलं होतंत, रत्नागिरीत अशा कुमुद कितीशा आहेत.

एकच होती.